ओट्यावरची परीक्षा

“काय सांगतलं वो आज सायबानं समाजमंदिरात?”

“सोयाबीनचं व्हतं काहीतरी. चांगलं व्हतं.”

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावात, मे महिन्यातल्या रात्री, ओट्यावरच्या बाजेवर पडल्या पडल्या मी हे बोलणं ऐकलं. विचारणारी त्या घरची बाई, उत्तर देणारा तिचा नवरा. मला झोप लागली असं समजून दोघं आत हळू आवाजात बोलत होती. सभा संपली आणि माझी गाडी पंक्चर निघाली, तेव्हा त्याच माणसानं मोठ्या मायेनं मला मुक्कामाला ठेवून घेतलं होतं. सभेत तो पहिल्या रांगेत बसला होता. चाळीस मिनिटं मान हलवत त्यानं माझं ऐकलं होतं. पडद्यावर मी 46 स्लाइड दाखवल्या होत्या: बियाण्याची निवड, उगवणशक्ती, बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, खतं, कीड, रोग, काढणी, साठवण. शेवटी टाळ्याही पडल्या. चार तासांनी त्यातलं त्याच्याजवळ उरलं ते एवढंच, सोयाबीनचं काहीतरी.

त्याचा यात काहीच दोष नव्हता. तीन पिढ्यांपासूनचे धुऱ्याचे वाद, कोणत्या वर्षी कोणत्या नक्षत्रात पेरणी झाली, कोणाकडून किती कुटार आणलं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. मी मात्र त्याला घरी नेता येईल असं काहीच दिलं नव्हतं. बायकोनं विचारल्यावर तिच्यापुढे ठेवायला त्याच्याजवळ एक वाक्यसुद्धा नव्हतं.

कृषी खात्यात गावपातळीवर माझी सगळी नोकरी गेली. लागलो तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 ला वाशिम वेगळा जिल्हा झाला आणि वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे सहा तालुके माझं जग झाले. नवी कल्पना लोकांपुढे मांडणं हेच माझं काम होतं. आता निवृत्तीनंतर बचत गटाच्या बाया, शेतकरी कंपनी काढणारी पोरं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातली लेकरं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, काका, आमचं सादरीकरण पाहून द्या. त्या प्रत्येकाला मी त्या रात्रीची गोष्ट सांगतो. माझ्या कामाची खरी शिकवणी त्याच ओट्यावर झाली.

सभेत लोक ऐकतात. ठरवतात मात्र नंतर, रात्री ओट्यावर, सकाळी पारावर, सासऱ्यापुढे, भावापुढे. तिथं आपण नसतो. तिथं आपली कल्पना दुसरंच कोणी मांडत असतं, त्याच्या शब्दांत, त्याच्या सवडीनं. म्हणून सादरीकरण करताना समोरच्याला पटवण्याइतकंच दुसरंही एक काम असतं. आपल्या माघारी आपली बाजू मांडता येईल इतकं सोपं आणि इतकं पक्कं काहीतरी त्याच्या हाती द्यायचं असतं.

शंभर दाणे

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच गावात प्रोजेक्टर न नेता गेलो. सभेच्या आठवडाभर आधी तीन घरांतून त्यांनी बियाण्यासाठी राखलेल्या सोयाबीनचे मूठ-मूठ दाणे मागून आणले. तीन ओले बारदाने घेतले. प्रत्येकावर दहा-दहाच्या दहा ओळी करून शंभर दाणे मांडले, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकलं, गुंडाळी केली आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडलं. कोणाचा कोणता बारदाना हे कळू नये म्हणून एकाला लाल दोरा, एकाला हिरवा, एकाला पांढरा बांधला. रंग फक्त मालकाला ठाऊक.

सभेच्या दिवशी मी दोनच वाक्यं बोललो आणि पहिली गुंडाळी उलगडली. लोक आपसूक उठून जवळ आले. पोरांनी मोजायला सुरुवात केली. लाल दोऱ्यात 83 दाण्यांना चांगले कोंब. हिरव्यात 71. पांढऱ्यात 48. मोजणी संपल्यावर सगळीकडे शांतता होती. मग मागून एक म्हातारे बाबा पुढे आले आणि म्हणाले, “पांढरा मायाच व्हय. म्हंजे मायं अर्धं वावर रिकामंच राह्यलं असतं.”

मी इतकी वर्षं “किमान उगवणशक्ती 70 टक्के असावी” असं सांगत होतो. बाबांनी त्याचं एका वाक्यात वावर करून दाखवलं. त्या रात्री गावातल्या कितीतरी ओट्यांवर तेच वाक्य गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बाया माझ्याकडे बारदाना किती ओला ठेवायचा हे विचारायला आल्या.

त्या सभेत नेमकं काय निराळं झालं यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. पहिली गोष्ट म्हणजे विषय एकच होता. बीजप्रक्रिया, खत, कीड हे सगळं महत्त्वाचं असूनही त्या दिवशी मी तोंडातून काढलं नाही. नऊ गोष्टी सांगितल्या की ऐकणारा नऊही तिथंच ठेवून जातो.

दुसरी गोष्ट, दाणे त्यांचेच होते. मी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरचा फोटो दाखवला असता तर लोक म्हणाले असते, तिथं सगळंच होतं. स्वतःच्या कणगीतल्या दाण्याला तसं म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट मापाची. आमच्या पुस्तकांत हेक्टरी 75 किलो बियाणं असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे हेक्टरात कोणी बोलत नाही. एकराला तीस किलोची एक थैली, हे माप सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. सत्तर दाणे फुटले तर एकराला एक थैली पुरते, त्याहून कमी फुटले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवायचं, आणि फारच कमी फुटले तर ते पोतं बियाण्याला ठेवायचंच नाही. एवढा हिशेब बोटांवर होतो. जो आकडा ऐकणाऱ्याला मनात फिरवून पाहावा लागतो, तो घरी पोहोचत नाही.

चौथी गोष्ट, मी फार मागितलं नव्हतं. एक बारदाना, शंभर दाणे, एक आठवडा. खर्च नाही, कर्ज नाही, चुकलं तर नुकसान नाही. नव्या कल्पनेचं पहिलं पाऊल इतकं लहान असावं की नाही म्हणायला कारण सापडू नये.

आणि दोऱ्यांचे रंग. समोरच्याची चूक दाखवल्याशिवाय नवी गोष्ट पटत नाही, हे खरं आहे. पण चारचौघांत ती चूक आपण बोट दाखवून सांगितली की माणूस कल्पनेशी नाही, आपल्याशी भांडायला लागतो. बाबांनी स्वतःहून हात वर केला म्हणून त्यांचा मान वाढला आणि गोष्टही गावाची झाली.

2020 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींवर तक्रारी आल्या, दुबार पेरणीनं घरं मोडकळीस आली. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोती उंच थप्पीत रचली किंवा आपटली, तरी आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा ठणठणीत दिसतो. डोळ्यांना न दिसणारं ते नुकसान ओल्या बारदान्यात दिसतं. त्या वर्षी ज्यांनी आधी शंभर दाणे मोजून पाहिले, त्यांच्याशी बोलताना मला माझ्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

आक्षेप आधी, उत्तर नंतर

प्रत्येक कल्पना इतकी स्वस्त नसते. रुंद सरी-वरंबा पद्धत, आमच्याकडे सगळे बीबीएफ म्हणतात ती, पटवणं फार अवघड गेलं. चार ओळींचा वरंबा आणि दोन्ही बाजूंनी सरी. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला साथ देते, आणि बियाणं एकरी 22 किलोच्या आसपास भागतं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आमचा जिल्हा आला, गावोगाव शिवारफेऱ्या झाल्या, पाण्याचा ताळेबंद मांडला गेला, तेव्हा ही पद्धत पुष्कळ बोलली गेली. पण शेतकऱ्याच्या डोळ्यांना आधी काय दिसतं? सोडलेली जागा. “पेराची जागा रिकामी कायले ठेवाची?” हा प्रश्न प्रत्येक सभेत यायचा, तोही शेवटी, मी सगळे फायदे सांगून झाल्यावर. त्या एका प्रश्नानं सभा फिरायची.

मग मी उलटं करू लागलो. उभा राहिलो की पहिलं वाक्य तेच: “यात जागा सोडावी लागते. सांगा, कायले सोडाची?” मनातलं आधीच कोणीतरी बोलून दाखवलं की माणूस सैल होतो आणि ऐकायला लागतो. मग दोन घमेली पुढे घ्यायचो. दोन्हींत त्याच गावची काळी माती, एकीत सपाट, दुसरीत मधे वरंबा करून बाजूंना सरी. दोन्हींत एकेक तांब्या पाणी ओतायचं आणि काही न बोलता थांबायचं. सपाट घमेल्यात चिखल आणि वर साचलेलं पाणी. दुसऱ्यात पाणी सरीत, वरंबा मोकळा. ऑगस्टमधल्या झडीत पिवळं पडलेलं सोयाबीन प्रत्येकानं पाहिलेलं असतं. त्याचं कारण त्या घमेल्यात दिसायचं.

अडचणही मी लपवली नाही. यंत्र सगळ्यांकडे नसतं, पेरणीच्या दिवसांत भाड्यानं मिळणं कठीण जातं, हे मीच सांगायचो. मग साधा उपाय: नेहमीच्या पेरणी यंत्राचं एक छिद्र बंद करा, ठरावीक ओळींनंतर एक ओळ सुटेल, डवऱ्याच्या फेरात त्या जागी सरी पडेल. हीच पट्टा पद्धत. सुरुवात एका एकरात करा, बाकीचं वावर जसं पेरता तसंच पेरा. अडचण लपवून मिळवलेला होकार पारावर गेला की तुटतो, कारण तिथं कोणीतरी ती अडचण काढतोच आणि आपला माणूस निरुत्तर होतो.

आधी झाडू, मग कीर्तन

हे सगळं मी कुठून शिकलो असं कोणी विचारलं तर मी गाडगेबाबांचं नाव घेतो. आमच्या जिल्ह्यातली पोरं ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याला त्यांचंच नाव आहे. बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण गेलं मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामांकडे. कारंज्याहून ते फार दूर नाही.

बाबांनी आयुष्यभर लोकांपुढे नव्या कल्पनाच मांडल्या: स्वच्छता, शिक्षण, दारूबंदी, कर्ज काढून सण न करणं, अस्पृश्यता न पाळणं. त्या काळात यातली एकही गोष्ट लोकांना गोड वाटणारी नव्हती. तरी त्यांच्या कीर्तनाला माणसांची रीघ लागायची. त्यांची रीत नीट पाहिली की एकेक गोष्ट ध्यानात येते. गावात आले की ते आधी झाडू हातात घेत. दिवसभर गाव झाडत. लोक पाहत राहत, काही जण झाडू घेऊन सामील होत. कीर्तन रात्री. म्हणजे स्वच्छतेवर बोलायला उभे राहण्याआधीच गाव स्वच्छ झालेलं असे, आणि ते काय सांगणार आहेत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असे. कीर्तनात ते प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर घेत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. शेवटी लोक स्वतःच बोललेल्या उत्तरानं बांधले जात. भाषा वऱ्हाडी, उदाहरणं घरातली. म्हणून बाबा पुढच्या गावाला गेल्यावरही कीर्तन गावात चालूच राहत असे.

कीर्तनाची जुनी घडणही यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक विचार मांडतात, उत्तररंगात तोच विचार एका आख्यानातून उभा करतात. विचार एक, गोष्ट एक. ऐकणारा घरी गोष्ट घेऊन जातो आणि गोष्टीच्या पोटात विचार जातो. पीपीटी बनवणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी चांगलं कीर्तन मागच्या रांगेत बसून ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

तीन बरण्या

दोन-तीन वर्षांपूर्वी एका बचत गटाच्या अकरा जणी माझ्याकडे आल्या. त्यांना तुरीची डाळ करायची होती, मिनी दाल मिल घ्यायची होती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल आमच्या भागात नवी नाही. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत तेव्हा प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत होतं, पण त्यासाठी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागत होतं. बँकेत एकदा जाऊन त्या रिकाम्या हातानं परतल्या होत्या. त्यांच्याजवळ झेरॉक्सच्या दुकानातून करून घेतलेला बत्तीस पानांचा अहवाल होता. पहिल्या चार पानांत महिला सक्षमीकरणाची उद्दिष्टं, पुढे तक्ते. त्यातला एकही तक्ता अकरा जणींपैकी कोणालाच सांगता येत नव्हता.

मी अध्यक्षताईंना विचारलं, “ताई, बँकेतले साहेब एकटे कर्ज देतात काय?” त्या म्हणाल्या, “नाई, त्यांनाबी वर पाठवा लागते.” म्हणजे त्या साहेबांनाही एक ओटा आहे. त्यांना वरिष्ठांपुढे या बायांची बाजू चार ओळींत मांडावी लागणार. मग आपण त्या चार ओळी त्यांना तयार देऊ.

बायांनी एक किलो तूर मोजून भरडून आणली आणि तीन काचेच्या बरण्या भरल्या. पहिलीत डाळ, सातशे ग्रॅमच्या वर. दुसरीत चुरी. तिसरीत फोलपट. साहेबांच्या टेबलावर एक किलो तूर आणि शेजारी तिन्ही बरण्या ठेवल्या. ताई म्हणाल्या, “साहेब, आज आमी ही तूर इकतो आन हीच डाळ दुकानातून इकत आनतो. मधातले पैशे गावाबाहेर जातेत. चुरी-फोलपट ढोरांले लागते, थेबी जाते.” एवढं बोलून त्यांनी एका पानाचा कागद पुढे केला. त्यावर चार गोष्टी होत्या: तूर कोणाकडून येणार, डाळ कोण घेणार, महिन्याचा हप्ता कशातून निघणार, आणि एखाद्या वर्षी तूर कमी पिकली तर काय करणार. चौथी ओळ लिहायला बाया घाबरत होत्या. मी आग्रह धरला. उत्तर त्यांनीच शोधलं: तेव्हा हरभरा आणि मूग भरडून देऊ, लोकांचं भरडाईवर करू.

साहेबांनी पहिला प्रश्न त्याच चौथ्या ओळीवर विचारला. मग बरणी हातात घेऊन बराच वेळ डाळ पाहत बसले. कर्ज लगेच झालं नाही, कागदपत्रांत पाच महिने गेले. पण त्या पाच महिन्यांत गट कोणता हे साहेबांना एकदाही विचारावं लागलं नाही. तीन बरण्यांवाल्या बाया, एवढं म्हटलं की कळायचं.

टेबलावर वाजवलेली आरती

शिकलेल्या पोरांची अडचण निराळी असते. 2022 साली महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीची स्टार्टअप यात्रा निघाली. गावोगाव गाडी फिरली, जिल्ह्याजिल्ह्यात सादरीकरणाच्या स्पर्धा झाल्या, पहिल्या तिघांना 25, 15 आणि 10 हजारांची बक्षिसं होती. तेव्हापासून कल्पना घेऊन येणारी पोरं वाढली, याचा मला फार आनंद आहे. कल्पना चांगल्या असतात. पण पोरगा बोलायला लागला की पाच मिनिटांत मला धागा सापडेनासा होतो. दोन वर्षं त्यानं त्याच विषयात घालवलेली असतात, त्यामुळे त्याला सगळं उघड वाटत असतं.

अशा पोरांकडून मी एक खेळ करून घेतो. मनात एक आरती म्हणायची आणि तिचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा. दुसऱ्यानं आरती ओळखायची. वाजवणाऱ्याला वाटतं, किती सोपी! ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक बाईंनी 1990 मध्ये हाच प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. वाजवली 120, ओळखली गेली 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यात तो नसतो. खेळ झाला की पोरगा स्वतःच आपल्या स्लाइड कमी करायला बसतो.

मग मी त्याला घरी पाठवतो. आईपुढे किंवा आजीपुढे पाच मिनिटांत कल्पना मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिलाच विचारायचं, काल मी काय सांगितलं? ती जे सांगेल ते लिहून आणायचं. तिला जे आठवलं तो सादरीकरणाचा गाभा, त्याला पुढे आणायचं. तिनं जे चुकीचं सांगितलं ते आपण नीट बोललो नाही. तिला जे मुळीच आठवलं नाही ते काढून टाकायचं, कितीही आवडतं असलं तरी. याहून कठोर आणि याहून प्रेमळ परीक्षक मला आजवर सापडलेला नाही.

स्लाइडला माझा विरोध नाही. मोठ्या सभागृहात लांबच्या माणसाला दाणा दिसत नाही, तिथं फोटो लागतोच. गाय कावासाकी या अमेरिकन उद्योजकानं 10-20-30 असा एक सोपा नियम सांगितला आहे: दहा स्लाइड, वीस मिनिटं, आणि अक्षर 30 पॉइंटपेक्षा लहान नको. नियम चांगला आहे. मी त्यात आपल्याकडचं एक जोडतो: वीज गेली तरी सादरीकरण थांबता कामा नये. म्हणून तयारीच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप बंद करून, हातात फक्त दाखवायची ती एक वस्तू घेऊन, सगळं एकदा बोलून पाहायचं. तसं जमलं की स्लाइड आधाराला राहतात, आपण त्यांच्या आधारावर राहत नाही.

आणि बोलणं संपलं की मागणी स्पष्ट करावी. आमच्याकडे माणसं संकोचानं “पाहा तुम्ही, कसं जमते ते” असं म्हणून बसून घेतात. ऐकणाऱ्याला कळतच नाही की आपण करायचं काय. एक एकर, एक आठवडा, इतके रुपये, जे काही हवं ते एका वाक्यात, नजरेला नजर देऊन मागावं.

निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात शेलूबाजारला एका टपरीवर मी चहा पीत होतो. शेजारच्या बाकावर एक अनोळखी शेतकरी दुसऱ्याला सांगत होता, “शंभर दाने, एक बारदाना, सात रोज. पन एक करजा भाऊ, दाने सोता मोजू नोका. सुनीले मोजाले लावजा. आपुन मोजलं का न फुटलेला दानाबी फुटलेला दिसते.”

मी त्या माणसाला कधी भेटलो नव्हतो. त्याच्या गावात माझी सभाही झाली नव्हती. शंभर दाणे कोणत्या ओट्यांवरून, कोणत्या पारांवरून त्याच्यापर्यंत आले, कोण जाणे. पण वाटेत त्यांत एक अशी गोष्ट मिसळली होती जी मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. माणूस आपल्या बियाण्याच्या मायेनं चुकीचं मोजतो, ही गोष्ट. मी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढच्या सभेत गुंडाळी उलगडली तेव्हा मोजायला घरच्या सुनेला बोलावलं, आणि हे मला शेलूबाजारच्या एका भाऊंनी शिकवलं असंही सांगितलं.